गरम भाजीवरचं झाकण

पळीची मागची बाजू भाजीत बुडवायची, वर उचलायची आणि उजेडाकडे धरायची. थेंब तुटून पडला तर "खा." तार लोंबली तर "फेका." वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मावशींच्या या निकालावर अपील नव्हतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. धामणगाव बढ्याला मी नवा शिक्षक, वसतिगृहाची देखरेखही माझ्याकडे. स्वयंपाक मावशींचा. कोहळं, म्हणजे तुमचा लाल भोपळा, आठवड्यातून चारदा असायचंच.

मला त्यांचं नवल वाटे. शिजलेली भाजी गंजातून, म्हणजे पातेल्यातून, परातीत पसरायच्या, वर धोतराचं पातळ फडकं. कल्हई उडालेल्या पितळेत ती कधी ठेवायच्या नाहीत. एकदा उरलेल्या भाजीच्या निवलेल्या गंजाला कान लावून बसलेल्या दिसल्या.

"काय ऐकता, मावशी?"

"बुडबुडे. चुलीवरून उतरल्यावरही भाजी बोलाले लागली, का समजाचं बिघडली."

"गरम भाजीवर झाकण का नाही लावत मग?"

"भर उन्हात तुमाले गोधडीत गुंडाळलं तं कसं वाटन, सर? एवढे शिकेल तुमी!"

एका शनिवारी बाजाराला जायचं म्हणून संध्याकाळची भाजी त्यांनी दुपारीच केली, परातीत पसरली आणि गेल्या. फडक्यावर माश्या बसत होत्या. 'अन्न नेहमी झाकून ठेवावे' हा धडा मी त्याच आठवड्यात शिकवला होता. वाफाळती भाजी मी पुन्हा गंजात भरली आणि झाकण घट्ट लावलं. मावशींना उशीर झाला, तेव्हा वाढायलाही मीच सांगितलं. झाकण काढताना आंबूस वास आला. मला आला होता, आणि मी गप्प बसलो.

"खाऊ नका रे!" वास येताच मावशी दारातूनच ओरडल्या. पण ताटं संपत आली होती. दोन दिवस पोरं उलट्या करत होती. नशिबानं सगळी बरी झाली.

वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या माणसांनी चौकशी केली. "गरम भाजीले मी झाकण घालतच नाई," मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी टाकाची निब पुसत राहिलो. नोकरी नवी होती. दुसरं कारण नाही.

त्यांना काढलं. जाताना दाराशी थांबल्या. भाजी पारखावी तसं मला पाहिलं.

"तुमी बोलसान म्हून वाट पाह्यली मी, सर."

त्यानंतर गावातल्या एकाही लग्नात त्यांना चुलीपाशी बोलावलं नाही. शेतात निंदणीला जायच्या. रस्त्यात दिसल्या तर मी गल्ली बदलायचो.

पंधरा वर्षांनी त्यांच्या तेरवीला गेलो. पंगतीत शेजारचा माणूस आपल्या सोबत्याला विचारत होता, "काऊन बे, पोरं आजारी पाडली ते बाई हेच ना?"

मी पत्रावळीवरून उठलो. "झाकण मी घातलं होतं," म्हणालो. आवाज चढला असावा. सगळी पंगत थांबली.

त्यांचा मुलगा भाजी वाढत माझ्यापर्यंत आला होता.

"मायले माईत होतं, सर," तो म्हणाला. "गावाले सांगाले पाह्यजे होतं. बसा."

मी बसलो. त्यानं कोहळ्याची भाजी वाढली आणि तो पुढच्या पत्रावळीकडे गेला.