शरणबसवच्या डोक्यातली अळी

तर पूजेचं इष्टलिंग शरणबसवच्या हातातून निसटलं, इथवर काल आलो होतो. त्याच्या आधीचं सांगायचं राहिलंच की.

दुधनीचा शरणबसव आडतीत पोती उचलायचा. लिंगायत माणूस, अंड्याच्या गाड्याकडेही बघायचा नाही. चाळिशीत एकाएकी फिट आली. सोलापुरात डोक्याचा फोटो निघाला आणि डॉक्टरीण ऋतुजाबाई म्हणाल्या, "मेंदूत अळ्यांच्या गाठी आहेत. डुकराच्या जंताच्या."

'डुकराच्या' एवढं ऐकलं आणि पुढचं त्याला धड ऐकूच गेलं नाही. बाई सांगत होत्या, मांस खावंच लागतं असं नाही. ज्या माणसाच्या पोटात तो जंत असतो त्याच्या घाणीतून अंडी पाण्यात जातात, पाण्यातून भाजीवर. हा तर मळ्यातली मेथी नुसती झटकून भाकरीबरोबर खाणारा.

"दवाखान्यात राहा. आधी सुजेच्या गोळ्या, मग अळीचं औषध. अळी मरताना मेंदूला सूज येते. रक्ताची नळी आवळली तर अंग लुळं पडतं."

"मला कुटं सूज हाय?" असं फणकारून गडी औषधांची चिठ्ठी घेऊन उठलाच.

आडतीत बातमी आधीच पोचली होती. नागप्पा हमाल दात काढत म्हणाला, "काय शरणण्णा, आमाला सोडून एकट्यानंच डुक्कर खाल्लंस व्हय?" शरणबसवनं पोत्याचा हूक उचलला होता. चौघांनी धरला म्हणून बरं.

त्या रागातच त्यानं दुकानातून नुसत्या अळीच्या गोळ्या आणल्या. सुजेच्या गोळ्या चिठ्ठीवरच राहिल्या. ती घाण एकदाची मरू दे, एवढंच डोक्यात.

गोळ्या सुरू केल्यावर चौथ्या सकाळी पूजेला बसला. इष्टलिंग डाव्या तळहातावर धरायचं असतं. बोटं मिटेनात. लिंग घरंगळलं, ते नागम्मानं, त्याच्या बायकोनं, पदरात झेललं. नवऱ्याचा डावा हात रिकाम्या पोत्यासारखा लोंबत होता.

दवाखान्यात महिना गेला. मेथीचं बाईंनी पुन्हा सांगितलं, ते आता कुठं त्याच्या कानात शिरलं. रोज सकाळी पूजेच्या वेळी नागम्मा त्याच्या तळहाताखाली आपला हात धरायची, आणि तो तिच्यावरच खेकसायचा, "काढ हात. माजा मी धरतो." दोन बोटं जेमतेम हलायची.

शेवटी बाई म्हणाल्या, "काही अळ्या अजून जिवंत आहेत. पुन्हा औषध द्यावं लागेल, पण आमच्या नजरेखाली, सुजेच्या गोळ्या आधी. राहणार, की परत रागानं उठून जाणार?"

शरणबसवनं लुळा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाला, "ऱ्हातो की. राग काय, त्यो बी ऱ्हाईल हितंच. पर त्या नागप्पाला तेवढं बोलवून घ्या, आन तुमच्या तोंडानं सांगा, मेथीतनं आलंय म्हून."