परत बोल, मग हात लाव

अणुमामांना एखादी गोष्ट सांगून सरळ निघून जाता येत नसे. आपण सांगायचं, मग ते तीच गोष्ट आपल्याला परत सांगणार, आपण ‘बरोबर’ म्हणायचं आणि मगच सुटका. ते स्वतः काही सांगत तेव्हा पाळी आपली. हॉटेलात ‘दोन चहा, एक बिगर साखरेचा’ म्हटल्यावर हॉटेलवाला ते तोंडानं परत म्हणेपर्यंत मामा बाकावर टेकत नसत. हॉटेलवाला वैतागायचा. “मामा, वीस वर्सं झाली मला चहा करायला.”

“मंग वीस वर्सं कुणाकुणाला साखर गेली आसंल. परत बोल.”

मी त्या गावात सहा वर्षं ग्रामसेवक होतो. राणीसावरगावच्या पुढे, माळावरचं लहानसं गाव. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे माझीच एक चूक यायची आहे आणि तिच्यात गावाला गोवायचं नाही.

मामा मूळचे तिथलेच. तरुणपणी फिटरचं काम शिकून दूर समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात लागले, ते मामींना घेऊन निवृत्तीनंतरच परतले. मुलगा पुण्याला. गावानं महिन्याभरात त्यांचं ‘अणुमामा’ करून टाकलं. काही दिवस अशीही कुजबुज होती की मामा अंधारात चमकतात. एका बाईनं मामींना तसं खासगीत विचारलं, तर मामी म्हणाल्या, “चमकत आसते तर लाईटचं बिल कशाला भरलं आसतं, बाई?”

परत बोलून घ्यायची सवय त्या केंद्रातली. तिथे एकानं सूचना वाचायची, दुसऱ्यानं ती शब्दाला शब्द परत बोलायची, पहिल्यानं ‘बरोबर’ म्हणायचं आणि तेव्हा कुठे व्हॉल्व्हला हात लावायचा. “सायब रागवल म्हून न्हाई, भाऊसाहेब,” मामा मला सांगत. “तिथं सायब रागवायला येईस्तोवर टाइमच नसतो. परत बोल, मग हात लाव.” नोकरी सुटली, हे वाक्य सुटलं नाही. मामी बाजाराला निघाल्या की पिशवीतल्या सामानाची यादी त्यांना दारातच म्हणावी लागे. बिचाऱ्या म्हणायच्याही.

संध्याकाळी हॉटेलात मामांचा आणि उद्धवचा वाद चाले. उद्धवचं गंगाखेडला सौरपंपांचं दुकान होतं. त्याचं म्हणणं, तेलाकोळशासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नसेल तर देशाला सूर्याशिवाय इलाज नाही. आपल्याकडे दुसरं काही पिको न पिको, ऊन पिकतं. मामांचं म्हणणं, ऊन संध्याकाळी घरी जातं, कारखाने आणि दवाखाने जात नाहीत. अणुभट्टी बारा महिने एका लयीत चालते आणि जागाही थोडकी घेते. पण मामांच्या बाकावर बसायचं तर नियम पाळावा लागे. आपलं मांडायच्या आधी समोरच्याचं परत सांगायचं, आणि तेही असं की त्याच्याच तोंडून ‘बराबर’ निघालं पाहिजे.

त्यामुळे नव्या माणसाला तिथे भलतंच ऐकू येई. उद्धव अणुभट्टीच्या बाजूनं तळमळीनं बोलतोय, आणि मामा म्हणतायत, “उन्हाच्या पाट्या बसवल्या की थोड्या दिवसांत लाईट. धूर न्हाई, राख न्हाई, पिढ्यान्पिढ्या राखीत बसावा आसला इखारी कचरा न्हाई. बराबर?”

“बराबर,” उद्धव म्हणे.

“आता सांग, तुझ्या पाटीतला माल कुठून येतो?”

उद्धव मान खाली घाली. “लय करून बाहेरूनच.”

“आन् माझं युरेनियम?”

“ते बी पुरत न्हाई. बाहेरून आणावं लागतंय.”

“मंग देश सोताच्या पायावर कुठशी उभा राहायलाय?”

यावर उद्धवच मामांच्या मदतीला धावे. “आपल्याकडं थोरियम लय हाय म्हणतेत, मामा.”

“हाय की,” मामा म्हणत. “मी नोकरीला लागलो तवा बी होतं.”

खरं सांगतो, मला या वादाचा कंटाळा यायचा. माझ्या टेबलावर जळालेल्या डीपीचे अर्ज. डीपी म्हणजे गावाच्या वेशीवरचा ट्रान्सफॉर्मर. अणूची असो की उन्हाची, देशाची सगळी वीज शेवटी त्याच्यापाशी येऊन मान टाकायची. एकदा मी चिडून म्हणालो, “देश स्वावलंबी व्हायचा तेव्हा होईल. आपली डीपी कधी होणार ते सांगा.” मामा रागावले नाहीत. म्हणाले, “भाऊसाहेब दमलेत. उद्धव, त्यांचं परत बोल.” आणि उद्धवनं माझं रडगाणं इतकं नीट परत मांडलं, की डीपी तशीच जळकी राहूनही मला बरं वाटलं. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची मला सवयच नव्हती.

मामा अणुऊर्जेचे भक्त, असा गावाचा समज होता. तो पूर्ण खरा नव्हता. एकदा उद्धव नसताना ते म्हणाले, “आमच्या केंद्राच्या भिंतीपाशी एक म्हातारी यायची, भाऊसाहेब. सणासुदीला. भिंतीला हळदकुंकू लावून जायची. तिचं घर त्या जाग्यावर होतं, आता आत मशिनी. मी इचारलं, बाई, राग येतो का? तर म्हणली, लाईट तर सगळ्यांनाच पायजे, पण मला कुणी काय इचारलंच न्हाई.” मग बराच वेळ ते शर्टाच्या डाव्या खिशावर हात फिरवत बसले. किरणं मोजायचा बिल्ला नोकरीभर तिथे लावलेला असायचा. “युनिट कशातून आलं ते समदे इचारतेत. कुणाच्या जाग्यावरून आलं ते कुणी न्हाई. अणूत बी न्हाई आन् उन्हात बी न्हाई.”

मग आमच्याच गावी सौरप्रकल्प येऊ घातला. गावच्या गायरानावर पाट्या बसणार आणि शेतीपंपांना दिवसा वीज मिळणार. गाव खूश झालं. गायरानाचे दोन तुकडे होते. अल्याडची बरड आणि पल्याडची बरड, दोन्ही खडकाळ. पण अल्याडच्या बरडीत एक झरा होता आणि मंजुळाबाईची मेंढरं बारा महिने तिथेच चरत, तिथेच पाणी पीत. मंजुळाबाईच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. बरड गेली तर मेंढरं गेली आणि मेंढरं गेली तर रोजंदारी, इतका सरळ मामला होता.

मामांनी तिला आणि प्रकल्प हवाच म्हणणाऱ्या उद्धवला देवळाच्या ओट्यावर बोलावलं. आधी मंजुळाबाईला उद्धवची बाजू बोलायला लावली. ती पदर सावरून उभी राहिली. “दिवसा लाईट आली तर माणसायला रातच्याला पाणी द्यायला जावं लागायचं न्हाई. इच्चूकाट्याचं भ्या न्हाई. ह्याचा बाप तसाच गेला, सापाचं पान लागून. बराबर हाय का, उद्धव?” उद्धवनं नुसती मान हलवली. मग त्यानं तिची बाजू सांगितली. उन्हाळ्यात पाण्यासाठी लांबवर चालवलं की आधी कोकरं पडतात, मग गाभण मेंढ्या. “बराबर,” मंजुळाबाई म्हणाली. वाद उरलाच नाही. पल्याडची बरड द्यायची, अल्याडची ठेवायची. आणि मामा, ज्यांनी उमर अणूत घातली, सगळ्यात आधी म्हणाले, “सौर येऊ द्या. देशाला दोन्ही लागतंय. पण जागा इचारून.”

ग्रामसभा वैशाखात झाली. मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला परभणीला गेले होते. तालुक्याहून आलेल्या पत्रातला ठराव मी वाचला, ‘गट नंबर अमुक मधील गायरान जमीन सौरऊर्जा प्रकल्पास देण्यास ही सभा संमती देत आहे.’ गावात गट नंबर कुणाला पाठ नसतात. जमिनीला नावं असतात, नंबर कागदाला. लोकांच्या डोक्यात पल्याडची बरड पक्की होती, माझ्याही होती. हात वर झाले. मंजुळाबाईनंही हात वर केला, वळणदार सही केली. पत्रातला नंबर अल्याडच्या बरडीचा होता. विजेच्या उपकेंद्राला ती जवळ पडत होती, म्हणून वरूनच तीच धरली होती. गावचा नकाशा माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. दहा पावलं. पण ऊन मी म्हणत होतं, मला दुपारची गाडी गाठायची होती, आणि परत बोलायला लावणारा माणूस डोळ्याला पट्टी बांधून परभणीला पडला होता.

झऱ्याभोवती खांब रोवायला सुरुवात झाली तेव्हा मंजुळाबाई पंचायतीत आली. तिनं आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “भाऊसाहेब, आमी तर पल्याडची दिली होती.”

मी धावाधाव केली. दुरुस्तीचा ठराव, दरखास्ती, तालुका, जिल्हा. सगळीकडे एकच उत्तर, ठराव तुमचाच आहे, सह्या तुमच्याच आहेत. ते खोटंही नव्हतं. कुंपण पुरं झालं.

दोन्ही डोळ्यांचं उरकून, मधे पुण्याला मुलाकडे राहून मामा काही महिन्यांनी काळा चष्मा लावून परतले. मी जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, आता हे मला फाडून खाणार. त्यांनी मंजुळाबाईला बोलावणं धाडलं आणि ती आल्यावर मला म्हणाले, “तिचं परत बोला.”

“मामा, माझी चूक—”

“तुमचं न्हाई. तिचं.”

मी बोललो. झरा बोललो, कोकरं बोललो, पल्याडला पाणी नाही हे बोललो. ‘बराबर?’ विचारलं तर मंजुळाबाई म्हणाली, “न्हाई. एक राह्यलं. मी सोता हात वर केलता. ते बी बोला.” तेही बोललो. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नाही.

मग मामा म्हणाले, “चूक माझी बी हाय. परत बोलायची जिम्मेदारी मी एकट्याजवळ ठेवली. मी गेलो की गावाचं तोंड बंद.” पल्याडची बरड मामांच्या शेताला लागून होती, आणि विहीर शेतात होती. त्यांनी विहिरीपाशी मेंढरांना पाणी प्यायला दगडी हाळ बांधून घेतला आणि गावापासून बरडीपर्यंत रानाच्या मधोमध, मेंढरं जातील एवढी पट्टी पेरायची सोडली. चांगल्या काळ्या मातीची पट्टी होती ती. लोक हसले.

प्रकल्प सुरू झाला. दिवसा वीज आली, हे मान्य केलंच पाहिजे. उद्धवच्या चुलत्यानं भरदुपारी हरभऱ्याला पाणी दिलं तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. देश किती स्वावलंबी झाला ते मला सांगता येणार नाही. मंजुळाबाईची मेंढरं तेवढी निम्मी झाली, कारण पल्याडचा चारा तेवढाच होता.

पुढे माझी बदली पूर्णेकडे झाली. दोनेक वर्षांनी उद्धवचा फोन आला, मामा गेले. मला दहाव्यालाही पोचता आलं नाही. कुठल्याशा बैठकीत होतो. आता आठवतही नाही कसली होती, आणि त्याचीच लाज वाटते.

गेल्या मार्गशीर्षात मात्र मुद्दाम गेलो. मामी ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. समोर ज्वारी उभी, आणि तिच्या मधोमध ती उघडी पट्टी. मंजुळाबाई मेंढरं घेऊन त्याच वाटेनं येत होती. मामी म्हणाल्या, “शेवटच्या दिवशी बोलणं जड झालतं त्यायला. मला जवळ बोलावलं आन् म्हणले, वाट नांगरायची न्हाई. मी रडायलेय आन् हे म्हणायलेत, परत बोल. मंग बोलले मी. तवा डोळे मिटले.” त्यांनी पदर डोळ्याला लावला. “पोरगा आता रान बटईनं दुसऱ्याला कसायला देतो म्हणायलाय. मी हाय तोवर ठीक. तुमी कागद करून द्या, भाऊसाहेब.”

असल्या कागदाला कायद्यात किती किंमत असते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मामींनाही ते सांगितलं. “आसू द्या,” त्या म्हणाल्या. “पोराला वाचता येतं.” मी ओसरीवर बसून लिहिलं. आधी गट नंबर लिहिला आणि त्याच्यापुढे, नोकरीत पहिल्यांदाच, जागेचं नावही लिहिलं: ‘म्हणजे अणुमामांच्या रानातली मेंढरांची वाट, गावापासून पल्याडच्या बरडीपर्यंत.’ मोठ्यानं वाचलं. सहीसाठी पेन पुढे केलं.

मामींनी पेन घेतलं नाही. मंजुळाबाई ओसरीच्या पायरीशी काठी टेकून उभी होती, तिनंही हात पुढे केला नाही. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मला कळेना की आता माझं काय चुकलं.

मग आठवलं. मी कागद खाली ठेवला. म्हणालो, “परत बोला.”