दिवाळसणाला धरलेली कंबर

आता काय सांगू तुम्हाला, आधी हातातली कपबशी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. हसायचं तर हसा, पण माझी कंबर तेव्हा खरंच धरली होती!

पंचावन्न-छप्पन्न सालची गोष्ट. मी पुण्यात मास्तर. लग्नाला सहा महिने झालेले आणि सासुरवाडी मुळशीतलं रिहे. पहिल्या दिवाळसणाला मी आणि बायको, सुमन, निघालो. पिरंगुटपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. पोचलो तर अंगणात नव्या भाताची पोती भरून ठेवलेली. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. साठीला टेकलेला माणूस, पण एकेक पोतं उशी उचलावी तसं आत नेत होता.

मला काय अवदसा आठवली! म्हटलं, "मामा, सरका. एक मी नेतो."

सासूबाई, म्हणजे मामी, धावत आल्या. "न्हाई वो जावाईबापू! पाव्हन्यानं कामाला हात लावायचा न्हाई!"

"अहो, रोज पंचवीस सूर्यनमस्कार घालतो मी!"

गुडघे ताठ ठेवले, कमरेतून वाकलो, पोत्याला मिठी मारली आणि दिला हिसका. पोतं जागचं हललं नाही. माझ्या कमरेत मात्र कट्‌कन काहीतरी झालं. मामा हसले आणि तेच पोतं अल्लाद उचलून आत गेले. मी कसाबसा ओसरीच्या कडेला टेकलो.

आता सरळ सांगावं ना? छे! पंचवीस सूर्यनमस्कारांची अब्रू होती! बसलो तो बसलोच.

पानं वाढली. "चला जेवाया," मामींनी हाक मारली.

"मी नाही येत."

एवढंच बोललो. तीन शब्दांच्या वर चौथा काढला की कळ थेट मस्तकात जायची! दात आवळलेले, मान ताठ, तोंड वाकडं. आतून मामींची कुजबूज ऐकू आली, "तुमी हसलाच कशापायी? जावाई रुसलं की!"

झालं! इथून गाडी उताराला लागली.

मामा धोतरजोडी घेऊन आले. "चुकी झाली आमची. ह्ये घ्या."

"नको."

त्यांनी बोटातली अंगठी काढली. "नको, मामा!" मी कण्हलो. बिचारे तडक गोठ्यात गेले आणि चक्क गाय सोडून आणली! "ही कपिला. सुमीची लाडकी हाय. न्या पुन्याला. पर राग सोडा."

पुण्यात आमची दीड खोली. गाय काय फळ्याला बांधू? पण त्या माणसाचा जीव बघून माझे डोळे भरून आले. थोडे मायेनं, जास्त कळेनं. मामींना वाटलं, गाईनंही भागेना. त्यांनी पदर डोळ्याला लावला.

तेवढ्यात सुमन बाहेर आली. डोळ्यांत नुसता जाळ! "आईच्या डोळ्यांत पानी आनलं तुमी! मास्तर हाय म्हनून दिलं मला, आन् असलं निघाला? उटा! आदी तिच्या पाया पडा!"

"उठता येत नाही."

"का? आजून काय पायजे तुमास्नी?"

"कंबर!" मी ओरडलो.

मामांचा चेहराच पडला. "कंबरपट्टा पायजे व्हय?"

"अहो, कंबर धरलीय माझी!"

आधी सुमन फुटली, मग मामी, आणि मामा तर कपिलेच्या गळ्यात पडून हसले.

आता उपचार. मामी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेले. अशा माणसाची लाथ बसली की धरलेली कंबर सुटते, असं साऱ्या गावाचं ठाम मत. घोटावड्याहून माणसं मामींची लाथ खायला यायची! पण जावयाला पाय कसा लावायचा? "पाप लागंल मला!" त्या मागं सरकल्या. शेवटी मीच हात जोडले, "मामी, मारा हो! तुमच्या पाया पडतो!"

त्यांनी आधी मला कुंकू लावलं, "माफी करा जावाईबापू" म्हणाल्या, आणि अशी ठेवून दिली की मी समोरच्या पेंढ्यात तोंडावर!

कंबर होती तशीच.

दुसऱ्या दिवशी गाडीत आडवं घालून मला पौडच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पाठ दाबून पाहिली. "कण्याला काही झालेलं नाही, स्नायू ताणलाय. दोन दिवस पडा, शेक घ्या, मग हळूहळू हिंडा. आणि ओझं उचलताना गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही. ओझं अंगाशी धरायचं."

"ह्ये मला इचारलं असतं तरी सांगितलं असतं की!" मामा म्हणाले.

पुढचे चार दिवस मामींनी निरगुडीच्या पाल्यानं शेकून शेकून मला उभं केलं. तान्ह्या बाळाचे होणार नाहीत एवढे लाड!

पुण्याला परतलो. शाळेतले मास्तर मुद्दाम घरी चहाला आले. "काय मग, पहिला दिवाळसण! सासूबाईंनी काय दिलं?"

मी घसा खाकरून काही रचतोय, तोवर आतून सुमनचा आवाज आला, "लाथ दिली! आन् तीबी ह्यांनी मागून घेतली!"