मजेत आहे म्हणतो

मला वाचता येत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंडावर हात ठेवायला नको. शंभर माणसांसमोर जाहीर झालंय, तेव्हा लपवायचं असं काही उरलेलं नाही. पण सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही. माझा भाऊ इंग्रजीतून नाटकात काम करायला कसा शिकला, ते सांगायचंय.

आमची लाँड्री आहे. वडिलांची होती, ते गेल्यावर माझ्याकडे आली, आणि वर्षभरात आईही गेली. मी तेव्हा बावीसची, भाऊ सहाचा. मला शाळेत घातलंच नव्हतं, आईला हाताखाली कुणीतरी हवं होतं. भावाला मात्र मी एक दिवस शाळा बुडवू दिली नाही. संध्याकाळी त्याच्या वहीत डोकं घालून बसायचे. लाल शाई जास्त दिसली की एक धपाटा, कमी दिसली की शाबासकी. माझा अंदाज फारसा चुकायचा नाही.

वाचता न येता लाँड्री कशी चालवलीस, असं लोक आता विचारतात. अहो, गळ्याशी आलं की माणूस सगळं करतो. कॉलरच्या आतून रंगीत दोरा घालायचा. हिरवा वकीलसाहेबांचा, पिवळा दवाखान्याचा, लाल-पांढरा वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा. कुणी चिठ्ठी पुढे केली की डोक्यावर हात फिरवायचा. "चष्मा घरी राहिला बघा, तुम्हीच वाचा." चष्मा मला कधी नव्हताच. कुणी नुसतीच चिठ्ठी ठेवून गेलं, तर पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत थांबायचं आणि त्याच्यापुढे कागद नाचवायचा. "काय बाई एकेकाचं अक्षर! तुम्हाला तरी लागतंय का?"

भावाला सगळे घुम्या म्हणतात. नाव ठेवलं शेजारच्या शिंपीणबाईंनी, आणि बरोबर ठेवलं. दहा प्रश्नांना एक "हं". पण अकरा-बारा वर्षांचा असल्यापासून त्याला एक खोड होती. बोलायचा नाही, वाचायचा मात्र मोठ्यानं. दुकानातली चिठ्ठी, बसवरची पाटी, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, सगळं खणखणीत आवाजात. रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचत जायचा. शिंपीणबाई म्हणायच्या, "हा मुलगा आहे की रेडिओ?" मी म्हणायचे, "वाचू दे हो. शाळेत घातल्याचं सार्थक होतंय." मला त्याचा उपयोगच होत होता.

तेविसाव्या वर्षी एकदा इस्त्री करता करता म्हणाला, "ताई, पुलापलीकडच्या नाटकाच्या शाळेत माझी निवड झालीय."

मी माझी इस्त्री उभी केली. "कुणाची?"

"माझी."

"नाटकात बोलावं लागतं, माहितीय ना तुला? आणि तिथे तर सगळं इंग्रजीत!"

"हं."

ती शाळा मला माहीत होती, तिचे पडदे आमच्याकडेच धुवायला यायचे. देशोदेशीची मुलं तिथे शिकायची. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, म्हणून सगळं इंग्रजीतून. शिकवणं, भांडणं, पोट दुखतंय म्हणून सांगणंसुद्धा. प्रवेशपरीक्षेत घुम्याला दोन पानं वाचायला दिली. आता वाचायला दिल्यावर काय! परीक्षकांनी डोळे मिटून ऐकलं म्हणे. आवाज उत्तम, इंग्रजी उत्तम, असा शेरा मारून घेऊन टाकलं. घोडचूक झाली ती तिथे. ह्याला छापलेलं इंग्रजी येत होतं. वीस तोंडांतून वीस तऱ्हांनी भराभर बाहेर पडणारं इंग्रजी त्याच्या डोक्यावरून जायचं.

वर्गात वीस जण होते. वर्षअखेरीला त्यातले बारा ठेवणार, त्यांचा लोकांसमोर कार्यक्रम करणार, आणि आठांना घरी पाठवणार. तसा कागद पहिल्याच दिवशी भिंतीवर लावला होता.

मग आमच्या दुकानात जे सुरू झालं ते विचारू नका. दातांत बूच धरून वाक्यं म्हणायची. जीभ नाकाला लावायची. पोटावर हात ठेवून आऽऽ, ईऽऽ, ऊऽऽ. वकीलसाहेब कोट न्यायला आले ते दारातच थबकले. "दाढ दुखतेय का ह्याची? माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे." शाळेत जमिनीवर लोळायला लावायचे. सकाळी काळे कपडे घालून जायचा आणि धुळीनं पांढरा होऊन यायचा. ते धुवायचे कुणी? मीच.

एकदा पडदे पोचवायला गेले तेव्हा वर्गाचं दार उघडं होतं. मोठी रिकामी खोली, आरशांवर कापड टाकलेलं, मधे शिकवणारी बाई. माझ्याहून वीतभर उंच, म्हणून मी तिला मनातल्या मनात उंच बाई म्हणते. तिनं काहीतरी सांगितलं, सगळी मुलं खाली बसली. घुम्यानं आधी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग बसला. तिनं आणखी काही सांगितलं, सगळी भिंतीकडे धावली. हा बघून मग धावला. शेवटी तिनं काहीतरी विचारलं, "कळलं ना?" असंच असणार, तेव्हा सगळ्यांत जोरात मान हलवली ती ह्यानं. ते मान हलवणं माझं होतं. मी पडदे दारात ठेवून परत फिरले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. एवढं शिकवलं त्याला, आणि उचललं काय, तर हे.

उंच बाईच्याही ते लक्षात आलं होतं. तिनं त्याला बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "तू दर वेळी अर्धा क्षण उशिरा असतोस. तू ऐकत नाहीस, दुसऱ्यांकडे बघून करतोस. रंगमंचावर अर्धा क्षण उशीर म्हणजे खोटं. असंच चाललं तर बारांत तू नाहीस." घरी येऊन त्यानं मला हे एका दमात सांगितलं. त्याला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"मग विचार ना सरळ, कळलं नाही म्हणून!" मी म्हटलं. "विचारायला कसली लाज?"

त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

शेवटची परीक्षा अशी होती. एक जिवंत माणूस निवडायचा. सहा आठवडे त्याला न्याहाळायचं. मग दहा मिनिटं तो माणूस होऊन दाखवायचं, एकट्यानं आणि इंग्रजीत. पण ज्या माणसाचं सोंग घेतलं, त्यानं ते बघून नंतर कागदावर सही करून मान्यता दिली पाहिजे, नाहीतर मार्क धरायचे नाहीत. हा उंच बाईचा नियम. जिवंत माणूस म्हणजे हँगरवरचा कोट नव्हे, कुणीही उचलावा आणि अंगात घालावा, असं ती म्हणाली म्हणे.

"तू कुणाला घेतलंस?"

"हं."

मी ओळखलं. शिंपीणबाई! ओठांत टाचण्या धरून बोलायचं, बोलताना कात्री हवेत चालवायची. नक्कल करायला असं माणूस शोधून सापडणार नाही. मी लगेच त्यांच्या कानावर घातलं. "इश्श, माझ्यात काय आहे बघण्यासारखं?" म्हणाल्या आणि परीक्षेसाठी स्वतःला नवा ड्रेस शिवला.

दोघी जाऊन बसलो. काळ्या रंगाची खोली, शंभर खुर्च्या, समोर एक टेबल आणि एक दिवा. घुम्या आला. खांद्यावर टॉवेल टाकला, बोटं वाटीत बुडवली आणि टेबलावर पाणी झटकलं. शिंपीणबाई हळूच माझ्याकडे वळल्या. मी समोरच बघत राहिले.

मग तो बोलायला लागला. मला शब्द एकही कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. कमरेवर हात ठेवून गिऱ्हाइकाला झापणं, मग लगेच गोड होणं. लोक हसत होते. मीही हसले, खोटं कशाला सांगू? मग त्यानं समोर नसलेल्या गिऱ्हाइकाकडून चिठ्ठी घेतली. थांबला. अर्धाच क्षण. डोक्यावर हात फिरवून चष्मा शोधला आणि चिठ्ठी परत त्याच्यापुढे धरली. सगळे खो खो हसले. शिंपीणबाईही हसल्या आणि मधेच थांबल्या. अठरा वर्षं त्यांनीच तर मला चिठ्ठ्या वाचून दाखवल्या होत्या.

शेवटी त्यानं खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबून दाखवला, मोठ्या तोऱ्यात काहीतरी सांगितलं, खिशावर थोपटलं. मग एकटा असताना तो कागद उघडला, दिव्याजवळ नेला, ओळींवरून बोट फिरवलं, वरून खाली, पुन्हा वरून खाली. घडी घातली आणि डब्यात ठेवून दिला. दिवा गेला. तेव्हा कुणीही हसत नव्हतं.

तो कागद कुठला, ते मला माहीत होतं. घुम्या अकरा वर्षांचा असताना शाळेच्या शिबिराला गेला होता, पंधरा दिवस. तिथून त्यानं मला पत्र टाकलं. मला आयुष्यात आलेलं एकुलतं एक पत्र. ते कुणाकडून वाचून घेणार? चष्म्याची सबब गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीला चालते. भावाच्या पत्राला लोक म्हणतील, घरी जा, चष्मा लाव, वाच. म्हणून खिशात घालून मिरवलं. "भावाचं पत्र आलंय! मजेत आहे म्हणतो." तो परत आल्यावर म्हटलं, "छान लिहिलं होतंस हं." आणि बिस्किटांच्या डब्यात तळाशी ठेवलं. तो डबा मला एकटीलाच ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती.

घरी आले ती फणफणतच. "बहिणीला चव्हाट्यावर आणायला शिकवतात का रे तुझ्या शाळेत? दुसरं कुणी मिळालं नाही तुला?"

त्यानं ऐकून घेतलं. उंच बाई म्हणाली होती, तुझा तो अर्धा क्षण आज पहिल्यांदा खरा वाटला. एवढं सांगून त्यानं मान्यतेचा कागद काउंटरवर ठेवला. "चार दिवस आहेत. नको असेल तर नको, ताई."

"आणि मग तुझं काय?"

"मग मी तेरावा."

दोन दिवस आम्ही बोललो नाही. तो घुम्याच, आणि मीही गप्प, त्यामुळे दुकानात नुसता वाफेचा आवाज. दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई कपडे घेऊन आल्या. चिठ्ठी काढली आणि मी डोक्याकडे हात न्यायच्या आत स्वतःच वाचली, "दोन ड्रेस, नुसती इस्त्री." मग म्हणाल्या, "अठरा वर्षं! मला सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?" आणि तरातरा निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "तो कागद दाखवताना इंग्रजीत काय म्हणालास?"

"भावाचं पत्र आलंय. मजेत आहे म्हणतो."

"मग? तसंच म्हणाले होते मी."

त्यानं बिस्किटांच्या डब्याच्या दिशेनं पाहिलं. मी डबा आणला, पत्र काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. "वाच."

त्यानं वाचलं. पाट्या वाचतो तसंच, खणखणीत. "ताई, मला इथे आवडत नाही. मला ताप येतो. मुलं चिडवतात. गुरुवारी सगळ्यांच्या घरचे भेटायला येणार आहेत. तू नक्की ये. येताना माझा निळा स्वेटर आण. आणि मला घरी घेऊन जा. मी दारात थांबतो."

"थांबलास?"

"हं."

"किती वेळ?"

"सगळे जाईपर्यंत."

मी खाली बसले आणि रडले. चांगली मोठ्यानं रडले. गुरुवारी मी काय केलं होतं? चादरींना इस्त्री करत आल्यागेल्याला सांगत होते, भाऊ मजेत आहे.

"आल्यावर भांडला का नाहीस माझ्याशी?"

"भांडणारच होतो. पण बसमधून उतरलो तर वकीलसाहेब भेटले. म्हणाले, मजा केलीस म्हणे, ताई खिशावर थोपटून सांगत होती. तेव्हा कळलं."

अकरा-बारा वर्षांचा असल्यापासून मोठ्यानं वाचायचा, असं मघाशी म्हटलं ना मी? ते त्या शिबिरानंतर. आणि मी त्याला खोड म्हणत होते.

सही मला येते, चित्र काढावं तशी. "कुठे करू?" त्यानं बोट ठेवलं तिथे केली. "पण कार्यक्रमात पुन्हा लोकांसमोर पत्र काढशील, तर वाचूनही दाखव. मी काय केलं ते कळू दे."

"तू काही केलं नाहीस, ताई."

"वाच म्हणते ना!"

"इंग्रजीत?"

"लिहिलं होतंस तसंच."

बारांची यादी लागली, त्यात घुम्या अकरावा होता. त्या बारा जणांचा कार्यक्रम सगळ्यांसाठी खुला ठेवला होता, आणि तो होता गुरुवारी. आमची लाँड्री गुरुवारी कधी बंद नसते. मी बंद ठेवली. शिंपीणबाईंनी पाटी लिहून दाराला लावली आणि न सांगता वाचूनही दाखवली. निळा स्वेटर शोधला, पण तो केव्हाच कुणाला तरी देऊन टाकला होता, म्हणून तशीच रिकाम्या हातांनी निघाले. तासभर आधीच पोचले. घुम्या दारात थांबला होता.