सर्वानुमते, धोंडूबाईसकट

धोंडूबाईला गप्प बसवायचं तर तिच्या तोंडात पान कोंबावं लागतं, आणि कोंबलं तरी ती हातांनी बोलते. पळसदरीच्या अलीकडच्या एका गावात अठ्ठावीस वर्षं शाळेची शिपाईण होती. झेंडा धुवायचा, इस्त्री करायचा, घडीत झेंडूच्या पाकळ्या भरायच्या, हे काम तिचं. निवृत्त झाली तरी कुणाला देत नाही, एवढी हावरट!

मागच्या पंधरा ऑगस्टला झेंडा फडकला, पाकळ्या पडल्या आणि शाळेच्या व्हरांड्यातच ग्रामसभा बसली. गावची रीत अशी, की आधी रजिस्टर फिरतं, सगळे सह्या करतात. मग चहा-भजी, मग बोलणं. ठराव ग्रामसेवक नंतर सावकाश लिहितो. धोंडूबाईनंही सही ठोकली आणि भज्यांना हात घातला.

उपसरपंच नीलेश उठला. "बाहेरच्या फेरीवाल्यांना गावबंदी करू. देशाच्या सुरक्षेसाठी."

गावात मासेवाली येते, भांडीवाली येते. पण बाहेरचा म्हणजे कोण, ते सगळ्यांना बरोबर कळलं. खोपोलीचा मोहियुद्दीन, वीस वर्षं दारोदार खारी-टोस्ट विकणारा.

"नीलेश, तुझा दुधाचा दात त्याच्याच टोस्टनं पडला रं," धोंडूबाई म्हणाली. "त्याच्यापासून धोका कसला? आमची शुगर वाढंल, एवढाच."

लोक हसले. नीलेश नाही हसला. "मावशी, देशाचा विषय हाय. तुमी नक्की कुणाच्या बाजूच्या?"

"झेंड्याच्या. तो मी धुते, तू नुसता त्याच्याखाली फोटो काढतोस. अठ्ठावीस वर्षं पोरांची प्रतिज्ञा ऐकली, त्यात 'टोस्टवाला सोडून' असं कुठं नाय आलं. माझा विरोध हाय. लिहा!"

"बसवा हिला खाली!" मागून कुणी ओरडलं. कुणी देशद्रोही म्हणालं. जिचा शेंबूड धोंडूबाईनं शाळेत पुसला होता, ती समीक्षा चहाच्या कपात बघत राहिली. ग्रामसेवक तेवढा म्हणाला, "लिहितो, बाई."

आठ दिवसांनी नीलेशच्या माणसांनी मोहियुद्दीनला वेशीवर अडवलं, ठरावाची प्रत हातात दिली. धोंडूबाई धापा टाकत पोचली, तेव्हा तो स्कूटी वळवत होता.

"भाऊ, मी विरोध केलाय. भर सभेत!"

त्यानं कागद पुढे केला. वर 'सर्वानुमते मंजूर'. खाली एकोणपन्नास सह्या. बारावी तिची, चांगली ठसठशीत.

"ताई, तुमी पण?" एवढंच म्हणून तो गेला.

ती तशीच ग्रामसेवकाकडे गेली. "माझी सही खोड."

"खाडाखोड चालत नाय. सही तुमचीच ना?"

"सही चहाआधीची हाय, मेल्या, ठराव चहानंतरचा!"

"कायद्यात चहा नाय, बाई."

सव्वीस जानेवारीला रजिस्टर पुन्हा तिच्यापुढे आलं. तिनं हात मागे घेतला. "आधी बोलू, मग लिहा, वाचून दाखवा. मग सही."

"सही नाय तर हजेरी नाय," नीलेश गोड हसला.

धोंडूबाई तरी बोलली. अर्धा तास, उभ्यानं, मोहियुद्दीनचं नाव घेऊन. या वेळी कुणी ओरडलं नाही, कुणी देशद्रोही म्हटलं नाही. भजी मात्र गरम होती, ती सगळ्यांनी खाल्ली.

रजिस्टरात त्या दिवशी लिहिलंय: उपस्थित अठ्ठेचाळीस. मागील ठराव कायम. विरोध, निरंक.