चाळणीबाई आणि धुळीचा पडसाद

वेधशाळेच्या कचेरीत तिला सगळे चाळणीबाई म्हणायचे, आणि तिला त्याचा राग नव्हता. कामच तसं होतं तिचं. वर अंतराळात फिरणारी एक दुर्बीण दर सहा महिन्यांनी त्याच त्या दूरच्या दीर्घिकांचे फोटो पाठवायची. साधे नाहीत, अवरक्त उजेडाचे. म्हणजे डोळ्यांना दिसत नाही पण अंगाला ऊब म्हणून जाणवतो, तो उजेड. यंत्र नवा फोटो जुन्याशी ताडून बघायचं आणि कुठे काही वाढल्यासारखं वाटलं की तिथे लाल चौकोन काढायचं. मेल्या यंत्राला तारतम्य म्हणून नव्हतं. शेजारच्या ठळक ताऱ्याची चमक सांडली तरी लाल चौकोन, एखादा लघुग्रह मधून निघून गेला तरी लाल चौकोन. मग चाळणीबाईने एकेक चौकोन उघडायचा, निरखायचा आणि ‘ठेवा’ किंवा ‘बाद’ यांतलं एक बटण दाबायचं. बहुतेक वेळा बादच. तिचा हात या कामात इतका बसला होता की शेजारच्या टेबलावरच्यांचा एक चहा होईपर्यंत तिचं अर्धं आकाश चाळून व्हायचं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवायची.

शोध मात्र भलत्याच दांडग्या गोष्टीचा होता. दीर्घिकेच्या मधोमध कृष्णविवर बसलेलं असतं, एरवी अगदी गप्प. एखादा तारा वाट चुकून फार जवळ गेला की ते त्याच्या चिंध्या करतं, आणि त्या धामधुमीत असा भडका उडतो की आख्खी दीर्घिका त्यापुढे फिकी पडावी. पण तो भडका थोडेच दिवस टिकतो. त्यात मधे धुळीचा जाड पडदा असला तर इथे कुणाला पत्ताही लागत नाही. मात्र ती धूळ भडक्याचा उजेड पिऊन घेते, तापते आणि मागाहून कितीतरी काळ ऊब सोडत राहते. भडका कुणी पाहिलेला नसतो, मागाहून आलेली ऊब तेवढी दिसते. कचेरीत याला धुळीचा पडसाद म्हणत.

नोकरीला लागली तेव्हा मोठ्या मॅडमनी हे तिला फळ्यावर आकृत्या काढून समजावलं होतं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली होती, “म्हणजे आमची भिंत.” मॅडम बघतच राहिल्या.

तिच्या वडिलांची बेकरी होती आणि घर बेकरीला लागून. भट्टीतला जाळ काढून, राख ओढून घेतली की मगच पाव आत जायचे. ते भाजायचे ते तापलेल्या विटांवर. घराची एक भिंत भट्टीच्या त्याच विटांची होती, जाळ विझल्यावरही रात्रभर ऊब सोडणारी. थंडीत त्या भिंतीला लागून कुणी झोपायचं यावरून तिची आणि धाकट्या भावाची जुंपायची. वडील दोघांना सारखं दटावायचे आणि मधे स्वतः झोपायचे. पीठ चाळायचं काम तेव्हाही तिच्याकडेच होतं, त्यामुळे कचेरीतलं टोपणनाव तिला काही नवीन नव्हतं.

आता ना बेकरी राहिली होती ना ती भिंत. भावाने दोन वर्षांपूर्वी बेकरी विकली, कारण चालवणार कोण? वडील तेव्हा काही बोलले नाहीत. सही केली, चाव्या दिल्या आणि लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आले. तिने लग्न केलं नव्हतं; का केलं नाही, हे विचारणारेच शेवटी दमले होते. बापलेकीचं बरं चाललं होतं. गेल्या थंडीत मात्र वडिलांना झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. “ऐकू येतंय त्यांना,” डॉक्टर म्हणाले, “पण आत कितपत पोचतंय, ते नाही सांगता येत.”

पहिले काही आठवडे तिने वडिलांना खूप विचारून पाहिलं. दुखतंय का, भूक लागलीय का, मी कोण ओळखलंत का. ते खिडकीकडे बघत राहायचे. ती क्षणभर थांबायची, मग ज्याचं उत्तर तिला बरं वाटेल ते स्वतःच देऊन टाकायची आणि कामाला लागायची. पुढे पुढे विचारणं नुसतं सवयीचं उरलं. दिवसा शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू आपलं मशीनच इकडे आणून बसायच्या, म्हणून निभत होतं. पण तिची कंबर मोडायची वेळ आली होती, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, माझ्या गावात एक चांगला वृद्धाश्रम आहे. नर्स आहेत, डॉक्टर येतात. तू किती मरमर करणार? आणि बाबांना कुठे काही कळतंय?”

तिने हो म्हटलं. म्हटल्यावर लगेच मागे घ्यावंसं वाटलं, पण शब्द तर गेला होता. येत्या रविवारी भाऊ गाडी घेऊन येणार होता.

त्याच आठवड्यात मोठ्या मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. पडद्यावर एक दीर्घिका होती, आणि तिच्या मधोमध अवरक्त उजेडाचा ठिपका चांगला टपोरा झाला होता.

“ही ओळखलीस?” मॅडमनी विचारलं.

“नाही.”

“तूच बाद केली होतीस.”

चाळणीबाईची कानशिलं तापली. इतक्या वर्षांत तिची चाळणी कुणी फाटकी म्हटली नव्हती. तिने जुने फोटो एकापुढे एक लावून पाहिले. खरंच, सुरुवातीच्या दोन फोटोंत म्हणण्यासारखं काही नव्हतं. साध्या दुर्बिणींनाही तिथे कधी काही दिसलं नव्हतं. पण पुढच्या प्रत्येक फोटोत तो ठिपका किंचित किंचित उजळत गेला होता.

“इतका सावकाश वाढतो का कधी?” ती जरा फणकाऱ्यानेच म्हणाली.

“धूळ लांब आहे इथे,” मॅडम म्हणाल्या. “भडका उडाला, पण त्या उजेडाला धुळीपर्यंत पोचायलाच वर्षं लागली. धुळीचं कडं जितकं मोठं, तितका पडसाद उशिरा. तू दोन फोटो थांबलीस, काही आलं नाही, हात झटकलेस. रागावत नाहीये गं मी. पण तू बाद केलेल्या सगळ्या आता परत चाळायला हव्यात.”

ती चिडूनच घरी आली. मॅडमवर चिडावं असं काही नव्हतं, स्वतःवर चिडायची सवय नव्हती, म्हणून जिन्यावर चिडली. वर येऊन वडिलांना मऊ भाताचा घास भरवायला बसली, तर घास गिळून वडील एकदम म्हणाले, “दोन.”

तिने चमचा खाली ठेवला. “दोन काय, बाबा?”

वडील खिडकीकडे बघत होते.

मशीन आवरता आवरता काकू म्हणाल्या, “अगं, बोलतात ते असं मधेच. काल दुपारी म्हणाले, निळा. मी म्हटलं, काय निळं? तर गप्प. डोक्यात काहीतरी चालू असतं बिचाऱ्यांच्या.”

काकू गेल्या. ती भांडी घासायला उभी राहिली आणि वडिलांचा चहाचा कप हातात आला तेव्हा तिला एकदम आठवलं. सकाळी हाच कप भरताना तिने सवयीने विचारलं होतं, ‘बाबा, साखर एक की दोन?’ आणि नेहमीप्रमाणे एक घालून मोकळी झाली होती. काल सकाळी विचारलं होतं, ‘निळा शर्ट घालायचा की पांढरा?’ आणि पांढरा चढवला होता. ओल्या हातांनी ती तशीच बाहेर आली आणि वडिलांपुढे खाली बसली. इतके महिने बाबा उत्तरं देत होते आणि आपण बाद करत होतो, हे तिला इतकं लागलं की ती पदराने तोंड झाकून रडली. वडिलांनी खिडकीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. तेही जरा उशिराच.

शनिवारी सुट्टी होती. भर दुपारी घामाघूम होऊन तिने विचारलं, “बाबा, खिडकी उघडू का?” आणि मुद्दाम उघडली नाही. दिवस कलला, वारा सुटला, चांगलंच गार झालं. दिवे लावायच्या वेळेला वडील म्हणाले, “उघड. फार उकडतंय.” तिने खिडकी सताड उघडली, वडिलांच्या अंगावर शाल घातली, स्वतः दुसरी गुंडाळली आणि दोघं कुडकुडत बसले. तिला हसू आवरेना.

मग तिने तो एकच खरा प्रश्न विचारला. “बाबा, धाकट्याच्या गावातल्या त्या वृद्धाश्रमात राहायला जायचंय का तुम्हाला?”

आणि वाट बघत बसली. रात्री नाही, सकाळी नाही, भाऊ जिना चढून आला तोपर्यंतही उत्तर नाही.

तिने भावाला सगळं सांगितलं: साखर, शर्ट, खिडकी. भावाने डोळे चोळले. लांबून गाडी चालवत आला होता बिचारा. “ताई, तुझं ते आकाशातलं घरात नको आणूस. अडाण्यासारखी आशा लावून बसलीयस तू. आपलं ठरलंय ना?”

“ठरवताना त्यांना कुठे विचारलं आपण? जेवून तरी जा.”

“नको. उशीर होईल.”

बॅग दाराशी उभी होती. वडिलांना खुर्चीत बसवून भाऊ त्यांच्या पायात बूट चढवायला गुडघ्यांवर बसला. त्याच्या डोक्यावर मधोमध केस विरळ झाले होते. ती जवळच हताश उभी होती. आता भांडावं की हातापाया पडावं, ते तिला कळत नव्हतं. वडील त्या विरळ केसांकडे बघत होते.

“नाही रे,” वडील म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द सगळे कळत होते. “रागावलो नाही मी. भट्टी जुनीच झाली होती. मी पण.”

भावाचे हात बुटाच्या नाडीवर थांबले. तो वर बघेना.

हा प्रश्न तिचा नव्हता. तिने हलकेच विचारलं, “कधी विचारलं होतंस?”

“दवाखान्यात,” तो खाली बघतच म्हणाला. “तू औषधं आणायला गेली होतीस. म्हटलं, बाबा, बेकरी विकली म्हणून माझ्यावर रागावलात का. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं गं. मला वाटलं, तेच उत्तर. तेव्हापासून इकडे यायचं म्हटलं की…” वडिलांच्या गुडघ्यावर कपाळ टेकून हा एवढा बाप्या लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. वडिलांचा डावा हात सावकाश उठला आणि त्याच्या डोक्यावर येऊन बसला.

मग भावाने नाक पुसलं, बांधलेली नाडी सोडली आणि वडिलांचा बूट काढून ठेवला. बॅग उचलून आत नेली आणि पलंगाखाली सरकवली.

“तुझ्या प्रश्नाचं उत्तर कधी येईल?” त्याने विचारलं.

“काय माहीत. मोठा प्रश्न आहे.”

“मग मी राहतो. ते हो म्हणाले तरच नेईन.” तो ओट्याशी गेला आणि आधण ठेवून डबे शोधू लागला. “ताई, बाबांच्या चहात साखर किती?”

“दोन,” ती म्हणाली. “मला सांगितलंय त्यांनी.”