डाव्या हाताचा विळा

मारण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. शहाद्याच्या उत्तरेला डोंगरात सरकारी जंगलावर मी सहा वर्षं शिपाई होतो. लाकूडतोड दिसली की आधी काठी, मग चौकशी. खरं सांगतो, मला ते आवडायचं.

एकदा साग तोडताना डोंगरातला एक माणूस सापडला. कुऱ्हाड टाक म्हटलं, त्यानं टाकली. तरी मी त्याच्या उजव्या मनगटावर काठी हाणली, कारण तो माझ्या डोळ्यांत बघत होता. वाळकी तुराटी मोडावी तसं हाड मोडलं. तो ओरडला नाही, म्हणून त्याच जागी दुसरी हाणली. साहेबानं पाठ थोपटली.

त्याच आठवड्यात घरी पोरीनं वरण सांडलं. तिच्या कानाखाली अशी ठेवून दिली की ती भिंतीवर जाऊन आपटली. चार वर्षांची पोर, कानातून रक्त आलं. बायको चुलीपासून कोयता घेऊन उठली. "आते पोरवर हात उचला ते मी तुमना हात तोडसू," एवढंच म्हणाली. ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. मला पहिल्यांदा माझ्याच हाताची भीती वाटली.

नोकरी सोडली आणि बत्तिसाव्या वर्षी शहाद्याच्या बाजारातल्या एका लोहाराच्या भात्यापुढं जाऊन उभा राहिलो. भाऊबंद म्हणाले, चांगल्या शेतकऱ्याघरचा गडी तोंड काळं करायला निघाला. म्हणेनात का. हात मारल्याशिवाय राहणारच नसेल तर लोखंडावर मारू दे, असं मी ठरवलं होतं.

लोहार म्हातारा आणि तोंडाचा फाटका. त्यानं अट घातली: होळीपर्यंत एक तरी अवजार एकट्यानं घडव. गिऱ्हाइकाला पसंत पडलं तर राहा, नाही तर चालू लाग. चालू लागायचं म्हणजे परत काठीकडं, दुसरं मला येत काय होतं?

थंड पडलेल्या लोखंडावरही मी घण हाणत राहायचो. एकदा कपची उडाली आणि म्हाताऱ्याचं कपाळ फुटलं. त्यानं रक्त पुसलं आणि तोच हात माझ्या थोबाडात दिला. मी घण उचलला. तो जागचा हलला नाही. घण खाली कसा ठेवला, माझं मला माहीत नाही.

होळीआधीच्या बाजाराला एक गिऱ्हाईक आलं. "माले डावा हातना इळा पाहिजे," म्हणालं. विळ्याचे दाते एकाच बाजूनं पाडतात, त्यामुळं उजव्या हाताचा विळा डाव्या हातात नीट चालत नाही. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बोट केलं. मी मान वर केली. उजवं मनगट वाकडं जुळलेलं. तोच माणूस.

त्यानंही ओळखलं. समोर बसून राहिला. सवयीनं दोनदा दाते चुकीच्या बाजूनं पडले, दोन्ही विळे मोडून टाकले. तिसरा जमला. तो त्यानं डाव्या हातात घेतला आणि ऐरणीकडं बघून म्हणाला, "हात ठेव."

मी उजवा हात ठेवला. त्यानं मनगटावर विळा टेकवून ओढला. कातडी फाटली, दाते हाडाला लागले, रक्त ऐरणीवरून खाली गळायला लागलं. म्हातारा हातोडा घेऊन उठला. "थांबा," मी म्हणालो. मरणाचं दुखत होतं, पण हात मी काढला नाही.

मग त्यानं विळा उचलला, माझ्याच धोतराला पुसला. "धार बरी शे," म्हणाला आणि कमरेला खोचून चालता झाला.

म्हाताऱ्यानं माझ्या हाताला चिंधी बांधली. "गिऱ्हाईकले पसंत पडी गया," म्हणाला, "सकाळी येजो."

पुढं बारा-तेरा वर्षं तो माणूस दर सुगीआधी दाते पाडून घ्यायला यायचा. त्यानं मला माफ केलं असं मी कधीच म्हणणार नाही. काम होईपर्यंत तो माझ्या हातांकडं बघत बसायचा, आणि मी ते त्याला दिसतील असे ठेवायचो.